बाटलीतलं घुंगरू

पैंजण घातलेली एखादी पोर अंगणातनं पळाली की माझ्या अंगावर अजून काटा येतो. कारण ती बाटली.

जुन्या बाटल्या उकरायचा नाद मला मोबाइलनं लावला. परदेशातला कुणी म्हातारा उकिरड्यातनं निळ्या-हिरव्या बाटल्या काढतोय, पुसतोय, हसतोय. ते बघून मी, बँकेतला पन्नाशीला टेकलेला गडी, रविवारी खुरपं घेऊन ओढ्याकाठी! बायको म्हणाली, "भंगारवाल्याशी लगीन केलेलं बरं हुतं की!" मी ऐकतोय व्हय? गोटी सोड्याची फुटकी बाटली आणि शाईची दौत घावली, आणि मग तर चेवच आला.

एवढं मी आपलं आपण शिकलो होतो, की जमीन खचलेली आणि माती भुसभुशीत दिसली तर तिथं कधीतरी कुणीतरी खड्डा काढलेला असतो. कचरा तिथंच असायचा.

राधानगरी रस्त्याला आमचं रान आहे. बांधावरच्या उंबराखाली अशीच खचलेली जागा, वर गवतात बुडालेले दगड. म्हटलं, मजुरांची जुनी चूल असणार. दगड लोटले. हातभर खाली खुरपं काचेवर खणकन वाजलं. औषधाची बाटली, अख्खी, तोंडाला बूच! एकट्यानंच शीळ घातली. हलवली तर आत काहीतरी किणकिणलं.

घरी न्हाणीत धुताना ती परत वाजली. आई सोप्यात शेंगा फोडत होती. ऐंशीला आलीया, टीव्हीचा आवाज तिला ऐकू येत नाही. पण ती उठली आणि भिंत धरत न्हाणीच्या दारात आली.

"हुपरीचं चांदीचं घुंगरू हाय ते," ती म्हणाली. "मीच बाटलीत घातलेलं. वाजवलं की गप ऱ्हायची. जाताना तिच्यासंगं दिलं."

माझ्या आधी एक मुलगी झाली होती, रांगायच्या आधीच गेली, एवढं आत्याकडनं ऐकलं होतं. आईनं तिचा विषय कधी काढला नाही. आणि तान्ह्या लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. मला हे माहीत नव्हतं का? होतं की! मेलं ते डोसकं, बाटल्यांशिवाय काही सुचतच नव्हतं.

"कुठं घावली?"

"उंबराखाली."

ती दाराला टेकली. बायका मातीला जात नाहीत. वडिलांनी तिला जागा कधी सांगितलीच नव्हती, आणि आता तेही नाहीत.

"तिथं बसून जलमभर भाकरी खाल्ली मी," ती म्हणाली. "आणि काय निघालं?"

"काय न्हाय, आई. देवाशप्पथ. बाटली लागली आणि थांबलो."

"वरचं दगुड?"

"लोटलं."

नळ तसाच वाहत होता. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बाटली घेतली, पदरानं पुसली, कानाशी धरून हळूच हलवली.

"गाडी काढ," ती म्हणाली. "उघडी पडली असंल."