उजेडातली खुर्ची

नलूआत्या गेल्याचं कळवायला फोन करत होतो, तेव्हा निम्म्या लोकांनी विचारलं, "पित्ताच्या नळीचंच ना?" नाही. त्या नळीने तिचा पिच्छा केव्हाच सोडला होता. आत्या म्हातारपणाने गेली, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही... तिला आवडलं असतं तसं, बिनबोभाट.

पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती साठीची होती. घरी आली, मिरजोळ्याच्या आमच्या आंब्याच्या कलमांत हिंडू लागली, आणि काही आठवड्यांनी अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटली की आमच्याकडे सगळ्यांनाच वैद्यक येतं. थोरल्या काकांनी, म्हणजे तिच्या भावाने, तिला कावीळ उतरवणाऱ्या बुवांकडे नेलं, सोबत मी. बुवांनी तिच्या हातांना चुना आणि कसल्याशा पाल्याचा रस चोळून वर पाणी ओतलं. परातीतलं पाणी पिवळंजर्द झालं. काकांनी हात जोडले. अजून दोनदा यायचं, तोवर डॉक्टरचं औषध बंद, असं ठरलं. आत्या परातीकडे बघत राहिली... मग म्हणाली, "आता माझ्या भाच्याचे हात धुवा." मी ठणठणीत होतो. माझं पाणी तिच्याहून पिवळं निघालं. बुवा डगमगले नाहीत. माझी कावीळ म्हणे आत दडलेली होती.

"मग चल," आत्या पदर खोचत म्हणाली, "दोघंही डॉक्टरकडे जाऊ."

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनच्या जागी व्रण धरून पित्तनळी आवळली गेली आहे. पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात चढतंय. आणखी उशीर झाला असता तर यकृत हातचं गेलं असतं. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी आत बारीक प्लास्टिकची नळी बसवली, दर काही महिन्यांनी बदलली आणि वर्षभराने काढून टाकली. पाट मोकळा झाला, एवढंच आत्या म्हणाली आणि कलमांकडे गेली.

पुढे पित्ताशयाचं ऑपरेशन करून आलेला कोणीही तिच्या तावडीतून सुटला नाही. पडवीतल्या खुर्चीत उजेडाकडे तोंड करून बसवायची, पापणी ओढून बघायची, खाज विचारायची. मी त्याला आत्याचं 'उतरवणं' म्हणायचो. तिने ते कधी मनावर घेतलं नाही.

तेराव्याला शेजारची सुलभा आली. तिचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ती सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली, तोंड उजेडाकडे... कोणीच उठेना, तेव्हा मी उठलो. डोळे पांढरे स्वच्छ होते. खाजही नव्हती.

"पिवळे दिसले तर..." मी म्हणालो.

"तडक डॉक्टर. आणि वाटेत कोणी हात धुवायला नेलं, तर आधी नेणाऱ्याचे धुवायला लावायचे. नलूताईंनी सांगून ठेवलंय."

थोरले काका खाकरले. सुलभा उठल्यावर ते काठी टेकत पुढे झाले आणि उन्हाबरोबर सरकलेल्या उजेडात त्यांनी खुर्ची पुन्हा नीट ठेवली.