सुशी आणि माझी चुकलेली सही

नवं भांडं घेऊन कुणी दुकानात आलं की सुशी आधी विचारायची, "नाव कुणाचं घालू? देणाऱ्याचं की जेवणाऱ्याचं?" गिऱ्हाईक म्हणायचं, अर्थात देणाऱ्याचं, आहेर आमचा आहे. मग सुशीचं सुरू. "ताट तुम्ही देणार, पण त्यात जेवणार ती पोरगी आणि जन्मभर घासणारही तीच. नाव मात्र मामांचं! कुठला न्याय हा?" कमरीपेठेतल्या त्या हातभर दुकानात ती मशीननं भांड्यांवर नावं घालायची. मराठी असो की कन्नड, अक्षर सुरेख. निम्मी गिऱ्हाइकं तिच्याशी भांडून जायची आणि पुढच्या लग्नाला परत तिच्याकडेच यायची.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. सासूबाईंनी मला तांब्यावर नाव घालून आणायला पाठवलं होतं. सुशीनं सासूबाईंचं सोडून माझंच नाव घातलं. मी रडकुंडीला आले, तर म्हणते कशी, "रडतेस काय? तुझ्या सासूला वाचता येतं का?" येत नव्हतं! सासूबाईंनी तो तांब्या मरेपर्यंत स्वतःचा म्हणून वापरला.

लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "लोकांची नावं घालून दमले, आता स्वतःचं कशाला बदलू?" मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कन्नड दिवसभर बोलते, त्यात भांडतेसुद्धा, पण वाचता येत नाही. रेशनची नोटीस, दवाखान्याचा कागद, सगळं सुशीच वाचून दाखवायची. "तोंड कन्नड आणि डोळे मराठी, असं कसं ग तुझं?" म्हणायची, आणि वाचून झाल्याशिवाय मला पेन धरू द्यायची नाही.

तिला मारलं ते भर दुपारी. गल्ली जेवून आडवी झालेली. तोंडाला फडकं बांधून एक जण दुकानात शिरला. त्याला तिच्या हातातल्या पाटल्या हव्या होत्या. त्या तिनं काढून दिल्यासुद्धा. पण देता देता तिनं त्याला ओळखलं आणि नावानं हाक मारली, "अरे, तू होय?" आमच्याच गल्लीतल्या गंगव्वाचा मुलगा. त्याचं नाव मी घेत नाही. पाटल्या मिळाल्या होत्या ना मेल्या, जायचं होतंस की! नाही गेला. तिथलाच लोखंडी गज उचलला. हे सगळं त्यानं स्वतःच पुढं कबूल केलं. जन्मठेप झाली. त्याला आता चौदा वर्षं होऊन गेली.

यंदा उन्हाळ्यात गटारावर फरशी घाला म्हणून गल्लीत अर्ज फिरत होता. त्याच आठवड्यात गंगव्वाची लेक कागद घेऊन दारात उभी. "अक्का, सगळ्यांनी केलीय, तुमची तेवढी राहिली." माझे हात पिठात. गटाराचाच असेल म्हणून पदराला हात पुसले आणि ठोकली सही. तिनं फसवलं असंही म्हणता येत नाही. मी विचारलंच नाही!

पंधरा दिवसांनी हवालदार चौकशीला आला. वागणूक चांगली म्हणून गंगव्वाच्या मुलाला लवकर सोडायचं चाललंय, तुमची काही हरकत? मी उसळलेच. "आहे! हजार वेळा आहे!" त्यानं फाईल उघडली. "अक्का, नीवे सही माडीरल्ल," म्हणाला. तुम्हीच तर सही केलीय. बोट ठेवून दाखवली. माझीच ती, वाकडी, मराठीतली.

"वाचा," म्हटलं, "पहिल्यापासून वाचा." त्यानं वाचलं. तो जेलात सतरंज्या विणतो, भजन म्हणतो, कुणाशी भांडत नाही, आई म्हातारी आहे, गल्लीची हरकत नाही. "आणि सुशी?" "कोण सुशी?" कागदभर शोधून म्हणाला, "इथं 'एक महिला' असं आहे." एक महिला! अख्ख्या गल्लीच्या ताटावाट्यांवर जिनं नावं घातली, तिचं नाव घालायला तुम्हाला कागद पुरला नाही होय रे?

दुसऱ्याच दिवशी मी ठाण्यात गेले. साहेबांनी विचारलं, "तुम्ही मयताच्या कोण?" मैत्रीण. "तसं नाही, नातं काय?" नात्याचा म्हणजे एक भाचा, पुण्याला. त्याला फोन केला तर तो म्हणतो, "मावशी, कशाला उकरून काढता आता? ती परत येणार आहे का?" नाही येणार बाबा, म्हणूनच तर! चार हेलपाटे घातले तेव्हा कुठं माझी हरकत लिहून घेतली. मी ती तीनदा वाचायला लावली आणि मगच सही केली. आता एकाच फायलीत माझे दोन कागद आहेत. एक म्हणतो सोडा, दुसरा म्हणतो सोडू नका. "वरच्यांनी कुठला खरा धरायचा?" म्हणून साहेब हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार कुणाला? चूक माझीच. माणूस सुधारतो, असंही त्यांनी मला समजावलं. सुधारू दे की! सुधारायला बाहेरच कशाला यायला हवं?

निकाल अजून लागलेला नाही. परवा गंगव्वा स्वतः आली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दारात. काठी टेकत उभी राहिली.

"हरकत घेतलीस म्हणे?"

"घेतली."

"माझे किती दिवस राहिलेत ग? एवढा एकच लेक मला."

शिव्या तोंडाशी आल्या होत्या. पण एवढं बोलून ती पायरीवरच बसली, आणि तिनं तरी माझं काय वाईट केलंय? मला तिची कीव आली, आणि कीव आली याचाच जास्त संताप आला.

"गंगव्वा," मी म्हटलं, "महिन्याच्या महिन्याला तू बस धरतेस आणि लेकाला डोळे भरून बघून येतेस. मला सुशीला बघायचंय. मी कुठली बस धरू, सांग."