ओ दिल्याशिवाय

रोज सकाळी चहा गाळून झाला की मी रूथबाईंना फोन करायचे. त्यांनी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. मी ‘रूथबाई…’ अशी हाक मारायची आणि पलीकडून ‘ओ’ यायचा, लांबवलेला, थोडा करवादलेला. तेवढ्यावर आमचं निम्मं बोलणं झालेलं असायचं. गेल्या महिन्यात एका सकाळी फोन नुसता वाजत राहिला. मी ठेवला, पुन्हा लावला. आणि मग कुणीतरी उचलून पुरुषी आवाजात ‘हॅलो’ म्हटलं. त्यांचा भाचा होता. पुढचं सगळं आमच्या वर्षानं, माझ्या मुलीनं, फोन घेऊन ऐकलं. मी त्या ‘हॅलो’लाच खाली बसले होते.

रूथबाई नात्यानं माझ्या कुणी नव्हत्या. लग्न होऊन मी मिरजगावहून नगरला आले तेव्हा आमची खोली पत्र्याच्या चाळीत होती आणि शेजारची खोली त्यांची. मध्ये एका विटेची भिंत. त्या मिशनच्या शाळेत बालवाडीला शिकवायच्या, रविवारी न चुकता चर्चला जायच्या आणि उरलेल्या वेळात काळजी करायच्या. काळजी कशाची, याला धरबंध नव्हता. वारा सुटला की पत्रे उडतील म्हणून, वारा पडला की कुणाला ऊन लागेल म्हणून. शाळेला निघताना कुलूप ओढून बघायच्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायच्या, पुन्हा ओढायच्या. समोरच्या खोलीतल्या पारूबाई त्यांना तोंडावर म्हणायच्या, “बाई, तुमाला घोर न्हाई लागला तर जेवान पचत न्हाई बघा.” रूथबाई रागवायच्या नाहीत. “कुणीतरी करायला नको का, पारूबाई?” म्हणायच्या आणि तिसऱ्यांदा कुलूप बघायला वळायच्या.

माझ्या वाट्याला भिंत यायची. पहाटे भांड्याच्या बुडानं भिंतीवर ठकठक आणि “सुमन, उठलीस ना गं?” आमचे हे नागापूरला कारखान्यात होते, पाळी बदलती, उशिरा आलेला माणूस दचकून जागा व्हायचा. “ह्या बाईंना सांग काहीतरी,” म्हणायचे. सांगणार कोण? मला दिवस गेल्यावर तर ठकठक दिवसातून कितीदा तरी व्हायला लागली. मी एकोणीस वर्षांची होते, गावाकडून सासरी आलेली. मला वाटायचं, ही बाई अशुभ बोलूनच काहीतरी ओढवून आणणार.

बहात्तर साली पाऊस झाला नाही आणि पुढचा उन्हाळा आम्ही नळाकडे बघत काढला. गल्लीच्या तोंडाशी, आमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, एक नळ. त्याला पाणी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं, आणि आलं तरी करंगळीएवढी धार. तासन्‌तास उभं कोण राहणार? म्हणून बाया पहाटे आपापल्या घागरी रांगेला लावून घरी जायच्या. घागर उभी म्हणजे बाई उभी, असा रिवाजच पडून गेला. धार सुरू झाली की जी नळाशी असेल ती मागच्या सगळ्या घागरी हातासरशी पुढे सारायची. एखादी आली नसेल तर तिची भरून दारात नेऊन ठेवायची. गल्लीत भांडणं उदंड होती, पण घागरीच्या बाबतीत कुणी लबाडी केली नाही. आजही मला त्याचं कौतुक वाटतं. आणि त्याच चांगुलपणानं मी मरता मरता राहिले.

सातवा महिना होता. हे सकाळच्या पाळीला गेले. मी घागर लावून आले, दाराला आतून कडी घातली. कडी घालावीच लागायची, कारण त्या दिवसांत शेळ्या पाण्याच्या वासानं सरळ घरात घुसायच्या. मग एकदम डोळ्यांपुढं अंधारी आली. पडले ते उठता येईना. पोटात कळ, अंगाखाली ओलं. हाक मारावी तर घशातून आवाज निघेना. बाहेर मात्र मला सगळं ऐकू येत होतं. फरशीवर घागरी खरडत होत्या. पारूबाईंचा आवाज आला, “सुमनची बी सारा गं पुढं, पोटुशी हाय, तिला कशाला हाक मारायची?” आणि माझी घागर सरकली. आवाजावरनं मला कळलं, कारण तिच्या बुडाला टेंगूळ होतं. थोड्या वेळानं पुन्हा सरकली. दर वेळी मला वाटे, आता कुणीतरी म्हणेल, ही बया आहे कुठं? पण माझी घागर तर रांगेत होती. म्हणजे मी होतेच. मग दाराशी ती भरून ठेवल्याचा आवाज आला. “निजली असंल,” असं दबक्या आवाजात म्हणून, मला त्रास नको म्हणून, पावलं हळू हळू निघून गेली… इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. पोटातलं हलायचं थांबलं होतं.

सकाळची शाळा सुटून रूथबाई उन्हाच्या आल्या. त्यांनी स्वतःच्या कुलपाला हात लावण्याआधी माझ्या घागरीला लावला. पाणी तापलेलं होतं. नंतर त्या नेहमी सांगायच्या, “पाणी उन्हात टाकून झोपेल अशी बाई त्या साली अख्ख्या नगरात नव्हती.” त्यांनी हाक मारली, “सुमन!” मी ओ दिला. तो माझा मलाच ऐकू आला नाही. पुन्हा हाक, मग दारावर थापा. मग त्यांनी ती भरलेली घागर उचलून तिथंच उपडी केली आणि रिकाम्या घागरीनं दारावर घाव घालायला लागल्या. पाणी सांडलं तशा बाया किंचाळत धावल्या, “अवो बाई, पानी!” ते पाणी दाराच्या फटीतून आत आलं आणि माझ्या हाताला लागलं. कोमट. मी बोटं त्यात बुडवली, एवढं आठवतं. कडी तुटली तेव्हाचं काही आठवत नाही.

टांग्यात रूथबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि वाटभर त्या टांगेवाल्याला “जरा बेतानं” आणि “जरा लवकर” असं आलटून पालटून सांगत होत्या. दवाखान्यात वर्षा जन्मली. ओंजळीत मावेल एवढी, रडली तीही मांजराच्या पिलासारखी. ती जगेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. रूथबाईंनी शाळेत रजा टाकली आणि बाकड्यावर बसून राहिल्या. “श्वास घेतीय ना? नीट बघ,” एवढंच विचारत. पहिल्यांदाच मला त्या विचारण्याचा वैताग आला नाही, मी बघत राहिले. दुष्काळातल्या पोरीचं नाव आम्ही वर्षा ठेवलं म्हणून गल्लीनं पुढं खूप थट्टा केली, पण तोवर थट्टा करण्याइतकं पोर सुधारलं होतं.

मी घरी आले तेव्हा पारूबाई पाया पडायलाच वाकल्या. “आमीच सारली गं तुजी घागर… आमाला वाटलं, बाई हाय.” मी त्यांना उठवलं, दोघी रडलो. नळावर मात्र रूथबाईंनी नियम घालून ठेवला होता. जिची घागर, तिला आधी हाक. तिनं ओ दिल्याशिवाय घागर सरकवायची नाही. ओ आला नाही तर धार वाया गेली तरी चालेल, आधी दार. त्यानंतरचा सारा उन्हाळा आमच्या गल्लीत पहाटेपासून हाका आणि ओ चालायचे. परगल्लीचे लोक हसायचे. माझी चेपलेली घागर रूथबाईंनी ठेवून घेतली आणि स्वतःची धड मला दिली. तांबटाकडं देऊन ठोकून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, “असू दे. विसरायला होतं माणसाला.”

पुढं आम्ही सावेडीला घर बांधलं, चाळ पडली, रूथबाई भाच्याकडं गेल्या. घराघरांत नळ आले. काळजी करायचं काम मात्र हळूहळू माझ्याकडं आलं. वर्षा आता स्वतः आजी व्हायला आली, तरी पोहोचल्याचा फोन आला नाही की माझा जीव टांगणीला लागतो. ती वैतागते. “आई, तू अगदी रूथमावशी झालीयेस.” व्हायचंच होतं, काय करणार? शेवटच्या वर्षात रूथबाईंना कमी ऐकू यायचं, पण हाक बरोबर कळायची. एकदा मी दोन दिवस तापानं पडले आणि फोन करायचा राहिला, तर नव्वदीची बाई भाच्याला घेऊन रिक्षानं दारात हजर. आत आल्या नाहीत, दारातूनच हाक मारली. मी ओ दिला. “बरं,” म्हणाल्या आणि बसायला खुर्ची मागितली.

मातीनंतर भाच्यानं विचारलं, काही आठवण हवी का. मी घागर आणली. बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलीय, चेपलेली बाजू समोर करून. वर्षा म्हणते, भिंतीकडं फिरव. फरशी पुसताना तिथं पोहोचले की तोंडून हाक जाते, “रूथबाई…” हात घागरीवर असतो. मी थांबते, नको तितका वेळ थांबते. मग घागर आहे तिथंच राहू देते आणि भोवतीनं पुसून घेते.