अण्णांची चुणी

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सांभाळून घ्यायला लागेन — ती माझी जुनी सवय आहे. सहा वर्षं हे माझ्याजवळच राहिलं. बायकोला ठाऊक नव्हतं, मुलीलाही नाही. तुम्ही समोर बसलाय असं समजून सांगतोय. मला समजून घेऊ नका, फक्त ऐका.

मी धारवाडात एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. राहायला केलगेरीला. महिन्यातल्या एका रविवारी आमचं सिनेमा मंडळ भरतं — पंधरा-वीस माणसं, वाचनालयाची मागची खोली, एक वादाचा विषय आणि चहा. तिथे माझा शब्द शेवटचा. मला कुणी तसं नेमलं नव्हतं. पण इंग्रजीचा सर म्हटल्यावर इंग्रजी सिनेमा त्यालाच कळणार, नाही का?

नाही. सगळी घाण तिथेच आहे.

मला पुस्तकातलं इंग्रजी कळतं. पडद्यावरचं कळत नाही. ते सुपरहिरोंचे सिनेमे तर मुळीच नाही — इमारती कोसळताहेत, कानठळ्या बसताहेत, आणि त्यातच ही मंडळी तोंडातल्या तोंडात विनोद करताहेत. एकदा हुबळीत विद्यार्थ्यांबरोबर असला एक सिनेमा पाहिला. ते हसले की मी हसायचो. जरासा उशिरा. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी इथे तसला सिनेमा पाहिला नाही. एकटा बेळगावला जायचो, सकाळच्या खेळाला, आणि हिंदीत डब केलेला बघायचो. परतीच्या बसमध्ये मोबाइलवर इंग्रजी परीक्षणं वाचायचो. आणि रविवारी मंडळात म्हणायचो, ‘संवादांना धारच नाही हो.’ लोक मान डोलवायचे.

हे खोटं एवढ्यावर राहिलं असतं तर? तर मी नुसता एक हास्यास्पद माणूस झालो असतो. पण मंडळात वसंतअण्णा होते.

अण्णांचं हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. दहावी झाल्यापासून तिथेच. सुपरहिरोंचं त्यांना लहान मुलासारखं वेड. एकही सिनेमा सोडायचे नाहीत. मंडळात दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकायचे. मी त्यांना कधी गंभीरपणे घेतलं नव्हतं — खरं लिहायचं तर त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्या रविवारी नव्या सुपरहिरो सिनेमावरून जुंपली. तरुण म्हणत होते, भारी आहे. आम्ही म्हणत होतो, कचरा आहे, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी कसं होतं मग? ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मीही मोठमोठे शब्द फेकत होतो. तेव्हा दाराजवळून अण्णा म्हणाले, “मी एक सांगू काय?”

आणि ते बोलले. “पूर्वी त्या हिरोच्या पाठीवर कापड होतं बघा. खरं कापड. पडला की चुणी पडायची, पावसात भिजलं की जड व्हायचं. आता कॉम्प्युटरवर रंगवतात. चुणीच पडत नाही. ज्याच्या कपड्याला चुणी पडत नाही, त्याला लागत कसं असंल? आणि त्याला लागत नसंल तर आपण कशाला भ्यायचं?”

कुलकर्णी वकील म्हणाले, “अण्णा, मग तुम्हीच त्याला दोन पीस फाडून द्या की.”

“देतो की,” अण्णा म्हणाले. “पण आत माणूस पायजे.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यात कौतुक होतं. तासभर आम्ही जे चाचपडत होतो ते या माणसाने दोन मिनिटांत हातात ठेवलं होतं. मला काय वाटायला हवं होतं? आनंद. मला संताप आला. इतका, की माझे कान तापलेले मला आठवतात.

मी विचारलं, “अण्णा, सिनेमा कुठल्या भाषेत पाहिलात?”

“हिंदीत. मला इंग्लिश कुठं येतंय सर?”

“मग तुम्ही सिनेमा पाहिलाच नाहीत. पोस्टर पाहिलंत.”

पुन्हा सगळे हसले. हे हसणं वेगळं होतं. अण्णाही थोडे हसले. “इरली बिडरी, सर,” म्हणाले — असू दे, सोडा. चहा संपवला, कप नेऊन ट्रेमध्ये ठेवला आणि गेले. नंतर कधी आले नाहीत.

चारच दिवसांपूर्वी मी तोच सिनेमा बेळगावात पाहिला होता. हिंदीत.

थांबा, अजून आहे. मंडळाच्या वार्षिक अंकात मी लेख लिहिला — सुपरहिरोंचे सिनेमे का घसरले? त्यात अण्णांची चुणी घातली. कापड, पाऊस, लागणं, भिणं, सगळं. भाषा माझी, लाज कुणाचीच नाही. अण्णांचं नाव कुठेही नाही. लोकांनी फोन करून सांगितलं, सर, काय नजर आहे तुमची. मी ‘धन्यवाद’ म्हणालो. प्रत्येकाला म्हणालो.

त्यानंतर मी दाजीबानपेठेत पाऊल टाकलं नाही. मुलीच्या लग्नाचं कापड बेळगावहून आणलं. तिने विचारलं, वसंतकाकांचं दुकान सोडून तिकडे कशाला? मी म्हणालो, तिथे चांगलं मिळतं. खोटं बोलायला मला बेळगावच का लागतं, कोण जाणे.

या वर्षी पुन्हा तसाच एक सिनेमा आला, पुन्हा तसाच वाद. एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, “आपल्याकडे सरांची कसोटी आहे ना — चुणी पडते का बघा.” सगळ्यांना ती ठाऊक होती. सरांची कसोटी. मी खाली मान घातली, तर त्यांना तो विनय वाटला. इतकी चीड मला कुणाची कधी आली नव्हती. त्या पोराचा काय दोष होता?

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. अण्णा एका बाईंना ब्लाउजपीस दाखवत होते. केस पिकले होते. बाई जाईपर्यंत उभा राहिलो, मग सगळं सांगितलं. बेळगाव, हिंदी, लेख. शेवटी म्हणालो, “अण्णा, त्या वेळी मला अशी भीती वाटली की —”

“कारण मी विचारलो काय?”

अण्णा कापडाचं ठाण गुंडाळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “अंक वकिलांनी आणून दिलते. बायकोला वाचून दाखवलो. म्हटलो, बघ, सरांना माझं पटलंय. शेवटपर्यंत नाव शोधलो मी.”

“माफ करा, अण्णा,” मी म्हणालो.

“इथं सांगून काय उपयोग, सर,” अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण ठाण त्यांनी फळीवर आदळलं. “हसलाय तिथं. सांगा तिथं.”

पुढच्या रविवारी मी मंडळात उभा राहिलो. रात्रभर घोकलेलं भाषण खिशात होतं, ते खिशातच ठेवलं. कोण कोण आलंय, दाराजवळच्या खुर्चीत अण्णा आहेत की नाहीत, ते पाहिलं नाही. चहा यायच्या आत बोललो, म्हणजे कुणाला कपामागे तोंड लपवता येऊ नये — मलाही.

“सहा वर्षांपूर्वी याच खोलीत मी वसंतअण्णांना हसलो, ते हिंदीतला सिनेमा बघून आले म्हणून. मीही हिंदीतलाच पाहिला होता. मला तो इंग्रजीत कळला नसता. आजही कळत नाही. आणि चुणीची कसोटी माझी नाही, अण्णांची आहे. मी ती चोरली. तुम्ही कौतुक केलंत आणि मी ते घेतलं. अण्णा, मी तुमचा अपमान केला, आणि तो मुद्दाम केला. मी चुकलो.”

आणि मी खाली बसलो.