मंगळवारचं शिबिर

मी रागीट आहे, आणि झालेला अपमान विसरणाऱ्यांतली तर मुळीच नाही. बेळगावातल्या आमच्या वडगावात घराघरात विणकामाच्या मागांचा खडखडाट. त्यावरून बोलायचं तर ओरडावंच लागतं. कराटेच्या वर्गात पहिल्या दिवशी सरांनी आरोळी द्यायला सांगितली, तेव्हा बाकीच्या मुली तोंडावर हात ठेवून खिदळत होत्या. मी दिली. सर म्हणाले, "घशातून नको, पोटातून." मी पोटातून दिली. "ही टिकणार," ते म्हणाले. टिकले, आणि नको तितकी टिकले.

पुढं सरांच्या उन्हाळी शिबिराचं सगळं नियोजन माझ्याकडं आलं. फलकावर फोटो सरांचा, धावपळ माझी. जांबोटीच्या जंगलापलीकडं माझ्या मावशीचं गाव आहे. तिच्या दिराचं शेत आणि त्याला लागून असलेलं काजूच्या सावलीतलं मोकळं रान मीच शोधलं. सकाळी ऊन कुठून चढतं, विहिरीवर मुलींनी कधी जायचं, लाथांचा सराव दुपारी का घ्यायचा नाही, वळीव आला तर सगळ्यांना गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात कसं पळवायचं, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. सर शेवटच्या दिवशी पट्टे बांधायला यायचे आणि भाषण करायचे.

यंदा मार्चमध्ये पालकांची बैठक झाली. सरांचे जावई नव्या ट्रॅकसूटमध्ये पहिल्या खुर्चीवर. सर उठले आणि म्हणाले, "या वर्षीपासून शिबिरप्रमुख आमचे जावई. जंगलातली जबाबदारी आहे, पुरुषमाणूस असलेला बरा. या मॅडम भाकरीचं बघतील."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो त्या दिवशी मी ट्रॅकसूटमध्ये पाहिला. त्याच्यापेक्षा राग सरांचा आला, कारण बीळ कुणी खणलं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

जावयांनी मला बोलावून सगळं विचारून घेतलं. मीही सांगितलं. विहीर, सावली, व्हरांडा, काही लपवलं नाही. मग ते म्हणाले, "शाळेची बस मंगळवारी मोकळी आहे. मंगळवारीच उद्घाटन करू. सरही येतील."

"बरं," मी म्हणाले.

आमचं शिबिर कधीच मंगळवारी सुरू झालं नव्हतं. मावशीच्या गावात देवीच्या जत्रेआधी काही मंगळवार पाळतात. त्या दिवशी कुणी शेतात पाऊल टाकत नाही, जमिनीत लोखंड घालत नाही. परका माणूस त्या दिवशी मुक्कामाला राहायचा असेल तर गावातल्या एखाद्या घरानं देवीपुढं नारळ ठेवून 'हा माझा' म्हणावं लागतं. वडगावातही आम्ही आमच्या जत्रेआधी वार पाळतोच. पण कुठल्या गावानं कुठले वार धरलेत, हे त्या गावातल्यांनाच ठाऊक. फार पूर्वी एकदा मी सरांना म्हणाले होते, "सर, मंगळवार नको, गावात वार आहे." त्यावर ते म्हणाले, "असली खेडवळ कारणं मला सांगू नकोस. फक्त तारीख सांग." तेव्हापासून मी फक्त तारीख सांगत आले. यंदा तारीख मला कुणी विचारली नाही.

मावशीचा फोन आला. "मंगळवार हाय बघ गं. वार पाळतूय आमी. सांगिटलीस न्हवं सरास्नी?"

"न्हाय," मी म्हणाले. "आनि तूबी कुणाला सांगू नगंस."

मावशी म्हणाली, "नारळ आणून ठिवतो."

स्वयंपाकाचं बघायचं म्हणून मी सोमवारीच गावात गेले. मंगळवारी बस आली, मुलं आणि मदतीला आलेल्या दोन मुलांच्या आया उतरल्या, बस परत गेली. मागून जावयांची गाडी, तीत सर आणि तंबू. वाराच्या दिवशी गाव इतकं शांत असतं की, जावयांनी तंबूच्या पहिल्या लोखंडी खुंटीवर घातलेला घाव मावशीच्या अंगणात मला स्पष्ट ऐकू आला. मी भाकऱ्या थापत होते. हातावरची भाकरी तव्यावर टाकली, चूल मावशीवर सोपवली आणि तशीच रानाकडं निघाले.

मी पोचले तेव्हा गावकरी जमले होते. पुढं एक म्हातारे आप्पा, गावाची गाऱ्हाणी तेच देवीपुढं मांडतात.

"आज वार हाय. आनि तुमी भुईत लोखंड घालतासा?"

"आमची परवानगी आहे," जावई म्हणाले.

"कुणाची?"

जावयांनी सरांकडं पाहिलं, सरांनी माझ्याकडं. मी हातावरचं पीठ झाडत उभी राहिले. जावयांनी पुन्हा हातोडा उचलला, तेव्हा दोघांनी तो काढून घेतला. पोलिसांना घेऊन येतो म्हणत जावयांनी तंबूंसकट गाडी वळवली, ती परत आलीच नाही.

मुलं बॅगांवर बसली होती. धाकटी एक रडायला लागली. आया मला विचारू लागल्या, "मॅडम, आता काय?" मी घाई केली नाही. या घटकेची वाट मी मार्चपासून पाहत होते.

"ही पोरं कुणाची?" आप्पांनी विचारलं.

"माझ्या क्लासची," सर म्हणाले.

"गावात तुमचं कोण हाय?"

सर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "तू सांग ना यांना."

"काय सांगू?"

"शिबिर तूच घेतेस, म्हणून."

"तुम्ही सांगा, सर. आया ऐकतायत. घशातून नको, पोटातून."

ते आप्पांकडं वळले आणि म्हणाले, "इतकी वर्षं शिबिर हीच घेत आली आहे. हिचंच आहे." आवाज चिरका निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मी हात धुतले, मावशीबरोबर देवळात गेले, नारळ ठेवला आणि म्हणाले, "ही पोरं माझी." आप्पांनी देवळाबाहेर उभ्या असलेल्या सरांकडं बोट केलं. "आनि हे?"

"हे ऱ्हाणार न्हाईत. हे जाणार हाईत."

मुलांना शाळेच्या व्हरांड्यात नेलं. तंबू नव्हते, मावशीच्या घरची ताडपत्री होती. बुधवारपासून त्याच रानात सराव सुरू होणार होता. बेळगावची एसटी संध्याकाळीच. सर थांब्यावरच्या दगडावर एकटे बसले होते. सूड घेऊन समाधान मिळत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी घेतलेला नसावा. व्हरांड्यातून ते दिसत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

दुपारी मुलांची पंगत उठल्यावर मी ताट वाढून घेतलं, भाकरी आणि लसणाची चटणी, आणि थांब्यावर गेले.

"सर, भाकरीचं मी बघायचं होतं ना?"

त्यांनी ताट घेतलं. सकाळपासून उपाशी होते. भाकरी संपली तरी मी तिथंच उभी होते.

"अजून एक वाढू?" मी विचारलं.

मान वर न करता ते हो म्हणाले.