गिरण बंद असतानाचा आकडा

‘गिरणीतले ते रविवार आठवले की अजून अंगावर काटा येतो हो,’ असं परवा मला एका गृहस्थांनी फोनवर ऐकवलं. पळसदरीजवळच्या एका जुन्या भाताच्या गिरणीत काही वर्षं रॉकचे कार्यक्रम व्हायचे. ती जागा बंद पडली. आता तिच्या आठवणींचं पुस्तक हे गृहस्थ काढताहेत.

‘तुम्ही सरकारी माणूस असूनही यायचात. चार ओळी लिहाच.’

मी जायचो ते त्यांच्याच तक्रारीवरून. हे ते विसरले होते. मी विसरलो नव्हतो, पण फोनवर बोललो नाही. हा विषय मी इतकी वर्षं असाच टाळत आलो आहे. बायकोलाही धड सांगितलेला नाही. तेव्हा हा घ्या लेख. पुस्तकात छापतील असं वाटत नाही.

मी आवाज मोजायचो. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, काम एवढंच. तक्रार आली की मीटर घेऊन जायचं, तिवईवर लावायचा, त्याच्या तोंडाला काळा स्पंज बसवायचा म्हणजे वारा मोजला जात नाही, आणि आकडा लिहून आणायचा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. या डेसिबलची एक गंमत आहे. मोठ्या आवाजात छोटा आवाज मिसळला तर आकडा हलतच नाही. ढोल वाजत असताना शेजारी कुणी टाळ्या वाजवल्या तर मीटरला त्या कळत नाहीत. म्हणून दोनदा मोजायचं असतं. एकदा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा आवाज चालू ठेवून आणि एकदा बंद करून. फरक पडला तर तो आवाज त्याचा. नाही पडला तर त्याला दोष देता येत नाही. फॉर्मवर त्यासाठी दोन रकाने असतात. सगळा न्याय त्या दुसऱ्या रकान्यात असतो.

गिरणीचा मालक दत्ताराम. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. स्टाफ कॉलनीच्या गणपतीत ड्रम वाजवायला शिकला आणि तो नाद त्याला जन्माचा लागला. कंपनीतून मोकळा झाल्यावर वडिलांच्या बंद गिरणीतलं मशीन त्याने काढलं आणि त्या जागी स्टेज बांधलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना आतून भाताच्या पेंढ्याचे भारे रचले, त्यावर गावभरच्या जुन्या गोधड्या शिवल्या. इतकं चांगलं काम मी शहरातल्या महागड्या स्टुडिओतही पाहिलं नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

कार्यक्रम रविवारी दुपारी तीन ते सहा. शहरातली पोरं भर मे महिन्यात काळे टी-शर्ट घालून यायची. अर्ध्या तासात त्यांच्या पाठीवर मीठ फुटायचं. गाण्यातून जगाचा नाश मागायची आणि मध्यंतरात दत्तारामच्या बायकोकडे आणखी एक भाकरी मागायची. मधूनच मोहोपाड्याचे कामगार स्टेजवर चढायचे. कंपनीचा स्टोअरकीपर डोळे मिटून असा गायचा की स्टॉक मोजताना तो हाच माणूस असेल यावर विश्वास बसू नये. मी दोनदा ड्युटीवर गेलो. तिसऱ्यांदा बिनकामाचा गेलो, मीटर न घेता. एवढं एकच त्या गृहस्थांचं खरं.

आता ते गृहस्थ. ओढ्याच्या पलीकडे गिरण, अलीकडे त्यांनी शांततेसाठी बंगला बांधला होता. शांततेला सोबत म्हणून दोन अल्सेशियन कुत्रे आणि एक जनरेटर ठेवला होता. त्यांच्या तक्रारीत ‘निसर्गाचा मूळ स्वर हरवला आहे’ असं वाक्य होतं.

‘साहेब, बापाची गिरण चालायची तवा यापरीस धा पट आवाज,’ दत्ताराम मला म्हणाला होता. ‘पाखरं नुसती हादरायची. पर तवा कोण बोललं नाय. तवा तांदूळ लागायचा ना!’

पहिल्या दोन्ही वेळी आकडा मर्यादेत होता. तिसरी तक्रार आली आणि वरून निरोप आला की या वेळी निकाल लावून या. मी रविवारी दुपारी बंगल्याच्या कुंपणापाशी तिवई लावली. आणि नेमकी त्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वाडीत दत्तारामच्या चुलतभावाच्या मुलाची हळद होती.

आमच्या भागातली हळद ज्याने पाहिली नाही त्याला सांगतो. हळद नवऱ्याला लावतात आणि ऐकवतात अख्ख्या तालुक्याला. टेंपोवर भिंतीएवढे स्पीकर. दुपारी चारलाच सुरू झाले होते. बंगल्याच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती.

गिरणीत कार्यक्रम चालू असताना आकडा आला अठ्ठ्याऐंशी, मर्यादेच्या बराच वर. मी दत्तारामला फोन केला. ‘आता पाच मिनिटं पूर्ण बंद करा.’

‘करतो साहेब. तुमी सांगाल तसं.’ आणि मला मागून ऐकू आलं, ‘ये, थांबवा रं! मोजतायत!’

गिरण बंद झाली. मीटरवर आकडा अठ्ठ्याऐंशीच.

मी ओढा ओलांडून त्याच्याकडे गेलो. ‘तो डीजे थांबवायला सांगा. दहाच मिनिटं. म्हणजे तुमचा खरा आवाज मोजता येईल.’

दत्ताराम हसला. ‘थांबवायला सांगायचं कशाला? माझ्याच लाइटीच्या मीटरवर चाललाय. वाडीत थ्री-फेज नाय ना. ह्यो बघा खटका.’ गिरणीच्या दाराशी लाकडी फळीवर तो खटका होता. लाल दांड्याचा. हातभर अंतरावर.

‘मग पाडा की खाली.’

त्याचं हसू गेलं. ‘भावकीची हळद हाय साहेब. नवरदेव पाटावर बसलाय. मी खटका पाडला तर उद्या माझ्या दारात कोण उभं राहील?’

‘दत्ताराम, तुमची गिरण बंद पडेल.’

‘कशी पडंल? बंद असताना पण तेवढाच आकडा आला ना? मग आवाज माझा नाय. तुमीच मागं शिकवलंय मला.’ मग म्हणाला, ‘तो आकडा लिवाल ना?’

‘लिहीन,’ मी म्हणालो. ‘तोच तुमचा पुरावा.’

सोमवारी फॉर्म घेऊन साहेबांसमोर बसलो. साहेबांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

‘हे काय?’

‘गिरण बंद असतानाचा आकडा. डीजेचा आहे.’

‘म्हणजे हळदीचा. हे कागदावर आलं की विचारणार, हळदीवर काय कारवाई केली? मग हळद बंद करायला कोण जाणार? तुम्ही?’

त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

‘तक्रार हळदीची नाही. जेवढी तक्रार तेवढंच मोजायचं. नवा फॉर्म घ्या.’

इथे लोकांची अपेक्षा असते की मला धमकी आली असेल, बदलीची भीती असेल. तसं काही नव्हतं. साहेब सभ्य होते. त्यांनी माझ्यासाठी चहाही सांगितला होता. तो निवत होता. मी नवा फॉर्म घेतला, पहिल्या रकान्यात अठ्ठ्याऐंशी लिहिलं, दुसरा कोरा सोडला आणि चहा प्यायलो.

दत्तारामचा संध्याकाळी फोन आला. ‘साहेब, लिवला ना तो आकडा?’

‘लिहिला,’ मी म्हणालो.

महिनाभरात गिरणीला सील लागलं. दत्तारामने अपील केलं. सुनावणीत त्याने छातीठोक सांगितलं, ‘दुसरा आकडा बघा. साहेबांनी लिवलाय.’ त्याला फॉर्म दाखवला. तो बराच वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिला, असं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी रजेवर होतो. रजा मी मुद्दाम घेतली होती.

भावकीने काय केलं? ज्यांच्या हळदीसाठी त्याने खटका पाडला नाही, ते म्हणाले, ‘बरं झालं, पोरं बिघडत होती.’ गृहस्थांनी निसर्गाच्या मूळ स्वराला पार्टी दिली, जनरेटर लावून. आणि चार वर्षांत सगळ्यांनाच गिरणीची आठवण येऊ लागली. जिवंत असताना जी जागा डोक्याला ताप होती, ती मेल्यावर संस्कृती झाली. साहेबांनीही म्हणे पुस्तकासाठी लेख दिला आहे. ते तिथं कधी गेले नव्हते.

गेल्या मे महिन्यात मी दत्तारामला भेटायला गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. दोनच वाक्यं होती. गिरणीचं आता त्यानेच लॉन केलं आहे, लग्नकार्याचं. पेंढा गेला, गोधड्या गेल्या, पत्रा तेवढा तोच. त्या दिवशी आत हळद होती. खऱ्या अर्थाने आत. आणि मोजायला कुणी येत नाही.

दत्तारामने मला लगेच ओळखलं. केस पूर्ण पांढरे, हाताला हळद. त्याने माझ्या गालाला बोट लावलं, खुर्ची दिली, ताट वाढून दिलं. दोन घास खाऊन मी बोलायला लागलो. स्पीकर आमच्यापासून वीस फुटांवर होते. माझंच बोलणं मला ऐकू येत नव्हतं. त्याने कानाला हात लावून खूण केली, काय?

इथवर थांबलो असतो तर बरं झालं असतं. आवाजामुळे राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. आवाज मोजणाऱ्या माणसाला शोभलंही असतं.

पण दत्ताराम उठला. दाराशी गेला. लाकडी फळी अजून तिथेच होती, लाल दांडाही. त्याने खटका खाली पाडला. अख्ख्या मांडवाने ओरडा केला. ‘ये, थांबा रं, एक मिनिट!’ म्हणून त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्यापाशी येऊन वाकला.

‘हां. बोला साहेब. आता ऐकू येतंय.’

अगदी शांत झालं होतं. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येत होतं.

‘जेवण छान आहे,’ मी म्हणालो.