ललिता मावशीचा लाल दोरा

आमच्या भिवंडीत कापडाचं कुणाला कौतुक नाही. लूम दिवसभर खडखडत असतात, पाण्याचा ग्लास ठेवला तरी त्यात कापसाची तूस पडते. म्हणून ललिता मावशी दोन सुया घेऊन गॅलरीत बसली की येणाऱ्याजाणाऱ्याला हसू येतं.

"मशीन एका शिफ्टमध्ये अंबाडी गावापर्यंत अंथरशील एवढं कापड काढते, आणि हिचं महिन्याला हातभर." हे बोलणारा राघो काका, म्हणजे मावशीचाच नवरा. बावीस वर्षं लूमवर काढली त्याने, कानाने कमी ऐकतो, त्यामुळे बोलतो ते सगळ्या चाळीला ऐकू जातं.

मला हसू येत नाही. मला राग येतो.

ललिता मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, राहते आमच्या शेजारच्याच खोलीत. मी नववीत शाळा सोडली तेव्हा सगळे माझ्यावर तुटून पडले होते. एकटी ती बोलली, "तिला बसवत नाही ना, मग उभ्याचं काम बघा तिच्यासाठी." आणि स्वतः फिरून मला कापड चेकिंगला लावलं. तेव्हापासून तिला कुणी काही बोललं की मी मध्ये पडते.

मावशी एका प्रसूतिगृहात आया आहे. आठ ते चार ड्युटी. लादी, चादरी, बाळंतिणीचं सगळं तीच करते. आणि तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला तिच्या हातची टोपी असते. कुणी सांगितलेलं नाही, ती आपली घालते. लोकांना वाटतं दवाखान्याचीच आहे, फुकट मिळते. एकदा मी राहनाळच्या नाक्यावर एकाला तिची टोपी घेऊन बाईकची सीट पुसताना बघितलं. पिवळी, कडेला जाळीची, तिचीच. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली. तो बोलला, "पागल है क्या?" मी बोलली, "हां है, तेरे को क्या." घरी आणून धुतली आणि मावशीला काही सांगितलं नाही.

दुसरा राग यायचा तो एकाच प्रश्नाचा. केवढ्याला विकतेस? मावशी विकत नाही. तिला आवडतं म्हणून विणते, बस. हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आमची चाळ जिची, ती आक्का तर दर आठ दिवसांनी यायची.

"काय गो ललिता, टीव्हीवर टाकाया एक कर ना मला. तुला काय, बसल्या जागी होतंय."

"आक्का, तुमच्या पण गोदामांचं भाडं बसल्या जागीच येतं," मी आतून बोलली. "एक गोदाम आम्हाला करा ना."

"ही पोर तोंडाची लय फाटकी हाय," आक्का मावशीला बोलली.

"कामाला बरी आहे पण," मावशी बोलली, आणि टाके मोजत राहिली. ती अशीच. तिचं भांडण मलाच करावं लागतं.

विणकाम तिला मोठ्या सिस्टरनी शिकवलं. मोठ्या सिस्टर म्हणजे प्रसूतिगृहातल्या सगळ्यात जुन्या नर्स, केरळच्या. मावशी तिथे लागली तेव्हा सुगत, तिचा मुलगा, दोन वर्षांचा होता आणि मावशीला कुणी नावाने हाक मारत नव्हतं, "ए आया" बोलायचे. सिस्टरनी पहिल्या दिवसापासून ललिता म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत तिला शेजारी बसवून सुलट शिकवलं, उलट शिकवलं, मग जाळी. जाळी म्हणजे मुद्दाम भोकं पाडायची, पण अशी की त्यातून पान-फूल उमटलं पाहिजे.

त्या सिस्टर आता नोकरी संपवून कायमच्या गावी चालल्या होत्या. रविवारी निरोप, संध्याकाळी गाडी. आणि मावशी आठ महिने त्यांच्यासाठी शाल विणत होती. लोकरीची नाही, इथे कोण घालणार लोकर. सुती, पांढरी, सगळी जाळीची. सूत मी आणायची. लूमवर सुताचं रीळ, म्हणजे कोन, संपत आला की तळाला थोडं उरतं, ते आमच्या मुकादमाकडून मागून घ्यायची. बारीक सूत, तीन पदर एकत्र करून ती विणायची. नक्षी भाताच्या लोंबीची. सिस्टरच्या गावी पण भात आणि आमच्या पण, म्हणून. ती तिने सुगतच्या जुन्या आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून स्वतः काढली होती. दोनशे सोळा टाके एका ओळीत. सकाळी डबा भरून झाल्यावर एक ओळ, रिक्षा भरायची वाट बघताना अर्धी, लाईट गेली की दारात येऊन दोन.

मंगळवारी मी कामावरून आली तर मावशी खोलीच्या मधोमध उभी होती. अंगावर ड्युटीचीच साडी. हातात शाल, आणि शालीत सुई नाही. वरच्या कडेचे टाके मोकळे, आणि लोंब्या खाली खाली उसवत चाललेल्या.

सुई कुठे होती? मोरीत. अशा मोठ्या कामाला तिच्याकडे वायरची सुई असते, दोन टोकांना सुया आणि मध्ये लांब प्लास्टिकची वायर, सगळे टाके त्या वायरवर बसतात. सुगत वळ गावच्या गोदामात माल स्कॅन करतो, त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मोरी तुंबली. राघो काकाने ओरडून सांगितलं, बघ रे काहीतरी. याने इकडेतिकडे बघितलं आणि मावशीची वायर सरकन ओढून काढली. वरून शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. मोरी मोकळी केली.

"मला वाटलं परत घालता येते," सुगत बोलला.

त्यानंतर मी जे बोलली ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गॅलरीत ओढून आणलं त्याला. बोलली, स्कॅनर मारून मारून तुला माणसाच्या हाताचं काही कळेनासं झालंय. आठ महिने आई समोर बसून विणते, तुला ती वायर मोरीसाठी दिसली? राघो काकाला पण सोडलं नाही. तो सारखा, "काय बोलते ती?" विचारत होता आणि सुगत त्याला, "काही नाही, पप्पा," सांगत होता. आक्का खालून बोलली, "मरूं दे गो, दोन दोऱ्यांसाठी भावाला असा बोलतात काय." मी तिच्यावर पण गेली.

तेवढ्यात आतून मावशी बोलली, "माझा लाल दोरा कुठंय?"

"कसला दोरा?" सुगतने विचारलं.

"वीस ओळी झाल्या की खालचा काढून वरच्या टाक्यांमधून आडवा लाल दोरा ओवते मी. सिस्टरनी शिकवलंय. वरून काही उसवलं तर त्या दोऱ्यावर येऊन थांबतं. इथे होता, वरून सहाव्या ओळीत. सहाच ओळी गेल्या असत्या." ती शाल उलटसुलट करून शोधत होती. "कुठे गेला?"

मी सुगतचा हात सोडला.

माझं काम काय आहे ते सांगते. टेबलावरून कापड सरकत जातं आणि मी बघते. गाठ, तुटका धागा, डाग. पांढऱ्या मालात रंगीत धागा आला तर सगळ्यात वाईट, अख्खा तागा परत येतो. तो दिसला की चिमट्याने धरायचा, कापायचा, ओढून काढायचा. दिवसभर, उभ्याने, पाच वर्षं. आता माझे डोळे दुसरं काही बघतच नाहीत. लग्नात गेली तरी नवरीच्या शालूचे धागे दिसतात.

त्याच्या आधीच्या शनिवारी मावशी ड्युटीवर होती. मी शाल पहिल्यांदाच जवळून बघायला उशीच्या अभ्र्यातून काढली. पांढऱ्यात लाल धागा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मनाशी बोलली, मावशीच्या नजरेतून सुटला वाटतं. चिमटा खिशातच होता. एवढा साफ काढला की एक टाका हलला नाही. मनात खूष पण झाली.

मावशीने मला पण शिकवायला घेतलं होतं कधीतरी. तिसऱ्या ओळीला मी पळाली. नाहीतर मला तो दोरा माहीत असता.

मी तेव्हा बोलली नाही. गॅलरीत एवढा तमाशा करून, सगळ्यांसमोर सुगतचं नाक कापून, आता कसं बोलू? उलट अजून चिडली. चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो बिचारा मोरीतून काढलेली सुई गरम पाण्यात धुऊन, पुसून मावशीच्या पुढ्यात ठेवून गेला, तरी मी तोंड फिरवलं.

मावशी उसवत गेली. लोंबीच्या जाळीत सुटलेला टाका सापडत नाही, म्हणून खाली जिथे साधी पट्टी होती तिथपर्यंत तिला जावं लागलं. दोन महिन्यांचं काम परत कोनवर गुंडाळलं. मग दोनशे सोळा टाके एकेक करून सुईवर घेतले आणि पुन्हा सुरू. ड्युटीवरून आली की चहा पण न घेता बसायची. लाल दोरा पिशवीत तसाच गुंडाळलेला राहिला. मी विचारलं, "रविवारपर्यंत होईल?"

"तूच बघ," ती बोलली. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

झालं नाही. रविवारी सकाळी शालीचा पाचवा भाग बाकी होता. तिने ती सुईसकट पिशवीत टाकली. "राहू दे. देणार नाही मी. अर्धवट कुणी देतं का? पोस्टाने पाठवीन कधीतरी."

मी तिच्याबरोबर निरोपाला गेली. वरच्या हॉलमध्ये सतरंजी, समोसे, खुर्च्या. डॉक्टरांनी सिस्टरना शाल-श्रीफळ दिलं. शाल दुकानातली, मशीनची, प्लास्टिकच्या पाकिटातून तिथेच काढलेली. कडेला एक धागा लोंबत होता, मला इथून दिसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मागे ट्रे घेऊन समोसे वाटत होती. बावीस वर्षं त्या बाईशेजारी बसून जेवली आणि आज समोसे वाटत होती.

माझं डोकं फिरलं. मी खुर्चीखालची पिशवी उचलली, सरळ पुढे गेली आणि सिस्टरच्या मांडीवर ठेवली.

"हे ललिता मावशीने विणलंय तुमच्यासाठी. आठ महिने. पूर्ण नाही झालं."

"करिष्मा, गप," मागून मावशी बोलली.

सिस्टरनी खांद्यावरची शाल काढून बाजूला ठेवली. पिशवीतली बाहेर घेतली. आधी उलटी बाजू बघितली, मग सुलटी. लोंबीवरून बोट फिरवलं. मग सुईजवळचे टाके बघितले आणि कपाळाला आठी घातली.

"लाइफलाइन किधर है, ललिता? वो लाल धागा? मैंने क्या सिखाया था?"

मावशी ट्रे धरून उभी. "राहिली, सिस्टर," ती बोलली. "मीच विसरली घालायला."

ती खोटं बोलत होती, आणि माझ्याकडे न बघता बोलत होती. तेव्हा मला कळलं, तिला माहीत होतं. मंगळवारपासूनच. पांढऱ्यातला लाल धागा एवढा साफ काढणारं आमच्या चाळीत दुसरं कोण आहे?

"ती नाही विसरली," मी बोलली. "मी काढला. मला वाटलं माल खराब आहे. आणि त्यासाठी सुगतला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या मी."

डॉक्टर भाषण करत होते, ते थांबले. सिस्टरनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"निकाला ना तुमने? तो अब डालो."

पर्समधून शिवायची सुई काढली त्यांनी. दोरा मावशीच्याच पिशवीत होता, लाल, गुंडाळलेला. मी खाली सतरंजीवर बसली. डॉक्टर पुन्हा बोलायला लागले. एक टाका, दुसरा टाका. पन्नासला माझे पाय वळवळायला लागले, शंभरला मान दुखली. एक टाका सुटला तर सिस्टर न बघता बोलायच्या, "पीछे जाओ." मावशी शेजारी येऊन बसली. हात लावला नाही तिने, फक्त हळू मोजत होती माझ्याबरोबर. दोनशे सोळा झाले तेव्हा समोसे गार झाले होते.

सिस्टरनी शाल सुईसकट, उरलेल्या कोनसकट स्वतःच्या बॅगेत घातली. "ट्रेन में टाइम बहुत है," त्या बोलल्या. "बाकी मैं करेगी." आलेखाचा कागद मावशीने घडी करून त्यांच्या हातात दिला. मावशी पदराने तोंड पुसत होती, मी दुसरीकडे बघितलं.

घरी आलो तर सुगत गॅलरीत बसला होता. मला बघून उठायला लागला.

"बस," मी बोलली. "दोरा मी काढला होता. तुझी चूक अर्धीच होती."

त्याने जरा विचार केला. "मग अर्ध्या शिव्या परत घे."

"नाही घेत. मोरीत घातलीसच ना सुई."

"काय बोलते ती?" आतून राघो काका ओरडला.

"सॉरी बोलते, पप्पा," सुगत ओरडला, आणि सगळ्या चाळीला ऐकू गेलं.